पेशीच्या वाटेवरील तपासणी नाके

मैदानावर पळताना ठेच लागली आणि गुडघा फुटला, असे तुमच्यापैकी कोणाचे झाले नाही? जखम धुऊन औषध लावावे, दोन-चार दिवसांत तिच्यावर खपली धरावी, आणि पंधरा दिवसांनी पाहावे तर गुडघा पुन्हा जसाच्या तसा! ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिच्यातले नवल ध्यानातच येत नाही.

जखम भरते म्हणजे काय होते? तिच्या कडेच्या पेशी विभागू लागतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे करीत त्या मोकळी जागा भरून काढतात. इथवर समजायला सोपे आहे. पण आता पुढचा प्रश्न विचारून पाहा. खड्डा भरला, आता पुरे, हे त्या पेशींना कळले कसे? त्या थांबल्या कशा? थांबल्या नसत्या तर गुडघ्यावरचे टेंगूळ वाढत वाढत नारळाएवढे झाले असते!

हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञांना कर्करोगाचे मर्म सापडले, आणि ते सापडले कोठे म्हणाल, तर पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. ती हकिकत आज पाहू या.

एकीपासून लाखो कोटी

मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा अंदाज आहे. या साऱ्या आल्या कोठून? आईच्या पोटात असताना आपण प्रत्येक जण एकच पेशी होतो. 'प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते' हे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५५ साली ठासून मांडले. पुढे वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या बेडकाच्या भाईबंदाच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, आणि पेशीतील गुणसूत्रे दोहीकडे कशी वाटली जातात याचे तपशीलवार वर्णन १८८२ साली प्रसिद्ध केले. (पेनिसिलीन शोधून काढणारे फ्लेमिंग ते वेगळे, बरे का!)

आता वही-पेन्सिल घ्या. एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, चाराची आठ, असे ४५ वेळा करा. उत्तर येईल सुमारे ३५ लाख कोटी! म्हणजे अवघ्या ४५ दुपटींत माणसाएवढ्या पेशी तयार होतील. पण त्या तिथे थांबल्या नाहीत आणि आणखी दहाच वेळा दुप्पट झाल्या तर? दहा दुपटी म्हणजे १,०२४ पट. थांबण्याचे महत्त्व आता तुमच्या लक्षात आलेच असेल.

पण साऱ्याच पेशी थांबून चालत नाही. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे हाडांतील मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी तयार व्हाव्या लागतात. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलते. उलट मेंदूतील बहुतेक चेतापेशी एकदा तयार झाल्या की पुन्हा विभागत नाहीत. यकृताच्या पेशी एरवी स्वस्थ असतात. पण यकृताचा तुकडा कापून काढला तर त्या कामाला लागतात, आणि उणीव भरून निघाली की पुन्हा गप्प बसतात. तेव्हा प्रत्येक पेशीला 'आता विभाग' आणि 'आता थांब' असे सांगणारी काही व्यवस्था असलीच पाहिजे.

चार टप्प्यांचा फेरा

एका पेशीच्या दोन पेशी होणे हा एक फेरा आहे. त्याचे चार टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात पेशी अन्न घेते आणि वाढते. दुसऱ्यात ती आपल्या डीएनएची नक्कल करते. तिसऱ्यात केलेले काम तपासून पुढची तयारी करते. चौथ्यात गुणसूत्रे दोन्ही टोकांना ओढली जातात आणि पेशी मधोमध दुभंगते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीला हा फेरा पुरा करण्यास साधारण २४ तास लागतात. त्यातला प्रत्यक्ष दुभंगण्याचा वेळ जेमतेम एक तास असतो.

दुसऱ्या टप्प्याचे काम केवढे असते ते पाहा. एका मानवी पेशीतील ४६ गुणसूत्रांचा डीएनए उलगडून एका ओळीत ठेवला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. त्यावर सुमारे सहाशे कोटी रासायनिक अक्षरे असतात. दर वेळी हा सारा ग्रंथ पेशी उतरवून काढते. चुका दुरुस्त केल्यानंतर साधारण शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक उरते. आपल्यापैकी कोणाचे शुद्धलेखन इतके चांगले आहे?

यीस्टने दिलेला धडा

हा फेरा चालवतो कोण? अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे लेलंड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास हा प्रश्न हाती घेतला. मानवी पेशी फार गुंतागुंतीची. म्हणून त्यांनी पाव फुगवणारे यीस्ट निवडले. यीस्ट म्हणजे एकाच पेशीचा जीव. बाजूला लहानसा कोंब फुटतो, तो मोठा होतो आणि सुटून वेगळी पेशी होते. कोंब नसेल तर फेरा सुरू व्हायचा आहे, लहान असेल तर सुरू झाला आहे, मोठा असेल तर संपत आला आहे. म्हणजे पेशी कोणत्या टप्प्यात आहे हे नुसते पाहून सांगता येते!

हार्टवेल यांनी बिघडलेली यीस्टे जमवली. ती २३ अंश सेल्सियस तापमानाला नीट वाढत, पण ३६ अंशांना ठेवली की अडून बसत. त्यांपैकी काहींची गंमत अशी की, त्यांतल्या साऱ्या पेशी एकाच टप्प्यावर अडत. एका प्रकारात सगळ्यांचा कोंब लहान, दुसऱ्यात सगळ्यांचा मोठा. याचा अर्थ, त्या त्या टप्प्याला लागणारे एकेक जनुक बिघडलेले होते. अशा रीतीने त्यांनी फेऱ्यावर ताबा ठेवणारी शंभराहून अधिक जनुके हुडकली. त्यांतले एक जनुक फेऱ्याचे पहिले पाऊलच टाकून देते असे आढळले.

तिकडे ब्रिटनमध्ये पॉल नर्स हे दुसऱ्या जातीच्या यीस्टवर काम करीत होते. हे यीस्ट आफ्रिकेतील बिअरमध्ये सापडलेले. कोंब न येता ते मधोमध दुभंगते. त्यात नर्स यांना अशा पेशी दिसल्या की, त्या पुरत्या वाढण्याआधीच दुभंगत आणि म्हणून खुज्या राहत. हे काम स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे चालले होते. म्हणून 'लहानगा' या अर्थाचा तिकडचा शब्द 'वी' हेच त्या पेशींचे नाव पडले! पुढे नर्स यांना फेऱ्याचे मुख्य जनुक सापडले. ते हार्टवेल यांच्या पहिले पाऊल टाकणाऱ्या जनुकाचेच भावंड निघाले.

मग १९८७ साली नर्स यांच्या प्रयोगशाळेत एक धाडसी प्रयोग झाला. ज्याचे हे मुख्य जनुक बिघडले आहे अशा यीस्टमध्ये मानवी डीएनएचे असंख्य तुकडे सोडले. बहुतेक पेशी अडूनच राहिल्या. पण काही पेशी विभागू लागल्या! माणसाच्या एका जनुकाने यीस्टचे अडलेले काम चालू केले होते. यीस्टचे आणि आपले पूर्वज वेगळे होऊन शंभर कोटी वर्षे तरी लोटली असतील. पण फेरा चालवण्याची युक्ती दोघांनीही जपून ठेवली आहे.

चालक आणि वाहक

या जनुकाच्या सांगण्यावरून पेशीत जे प्रथिन बनते त्याला सीडीके म्हणतात. इतर प्रथिनांना फॉस्फेटचा तुकडा चिकटवून ते त्यांना कामाला लावते. पण सीडीके तर पेशीत नेहमीच हजर असते. मग ते सतत फेरा का चालवीत नाही?

याचे उत्तर समुद्रातून आले. अंगभर साळिंदरासारखे काटे असलेला सागरी अर्चिन नावाचा प्राणी आहे. त्याची अंडी फलित झाली की भराभर आणि एका वेळी विभागतात. १९८२ च्या उन्हाळ्यात टिम हंट हे अमेरिकेतील वुड्स होल येथे ती अंडी तपासत होते. त्यांना एक विलक्षण प्रथिन दिसले. दोन विभाजनांच्या दरम्यान ते साठत जाई आणि विभाजनाच्या वेळी एकाएकी नाहीसे होई. पुन्हा साठे, पुन्हा नाहीसे होई. चक्रासारखे येणारे-जाणारे म्हणून त्याचे नाव सायक्लिन ठेवले.

आपल्या एस.टी.ची गाडी आठवा. चालक जागेवर बसलेला असतो. पण वाहकाने घंटीचे दोन टोले दिल्यावाचून तो गाडी हलवत नाही. सीडीके हा चालक समजा आणि सायक्लिन हा वाहक. सायक्लिन येऊन चिकटले की सीडीके कामाला लागते. टप्प्याटप्प्यावर वाहक बदलतात: एक डीएनएची नक्कल सुरू करून देतो, दुसरा पेशी दुभंगण्याची घंटी देतो. काम झाले की पेशी त्या सायक्लिनचे तुकडे करून टाकते. म्हणूनच फेरा एका दिशेने पुढे जातो, मागे फिरत नाही.

या शोधांबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वाटेवरचे नाके

हार्टवेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. क्ष-किरणांनी डीएनए मोडलेल्या यीस्टपेशी विभागायच्या थांबतात, मोडतोड दुरुस्त करतात, आणि मगच पुढे जातात. म्हणजे वाटेवर तपासणी नाके आहेत. कागदपत्रे नीट असल्याशिवाय पुढे सोडत नाहीत!

आपल्या पेशींच्या वाटेवर असे तीन मोठे नाके आहेत. पहिला, डीएनएची नक्कल सुरू होण्यापूर्वी. पेशी पुरेशी वाढली का? अन्न आहे का? वाढीचा संदेश आला आहे का? डीएनए धड आहे ना? या नाक्यावर आरबी नावाचे प्रथिन आडकाठी धरून उभे असते. दुसरा नाका, दुभंगण्यापूर्वी. नक्कल पुरी आणि निर्दोष झाली का? तिसरा, ऐन दुभंगताना. प्रत्येक गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे धागे जोडले गेले का? एक जरी गुणसूत्र सुटे राहिले तरी सारी पेशी खोळंबून राहते.

आता गुडघ्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या पाहू. जखम झाली की तिथल्या पेशी आणि रक्तातील बिंबिका वाढीचे संदेश सोडतात; म्हणून पहिला नाका उघडतो. खड्डा भरत आला की संदेश ओसरतात. शिवाय शेजारच्या पेशीला पेशी चारी बाजूंनी भिडली की विभाजन थांबते. नाका बंद!

या नाक्यांवरचा सर्वांत प्रसिद्ध पहारेकरी म्हणजे पी-५३ हे प्रथिन. त्याचा शोध १९७९ साली लागला. डीएनए मोडल्याचे कळताच ते फेरा थांबवते आणि दुरुस्तीची जनुके जागी करते. मोडतोड दुरुस्तीपलीकडची असेल तर ते पेशीला मरणाचा हुकूम देते. हा हुकूम क्रूर वाटतो का? आईच्या पोटात असताना आपल्या हाताची बोटे एकमेकांना जोडलेली होती. मधल्या पेशी वेळेवर मेल्या, म्हणून बोटे सुटी झाली. पेशीने ठरल्याप्रमाणे मरणे हाही जगण्याच्याच व्यवस्थेचा भाग आहे.

पी-५३ च्या जनुकाच्या आपल्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. हत्तीत मात्र त्याच्या सुमारे ४० प्रती असल्याचे २०१५ साली दिसून आले. हत्तीच्या अवाढव्य देहात पेशी कितीतरी अधिक, तरी त्याला कर्करोग क्वचितच होतो. त्याचे एक कारण हे असावे.

'ध' चा 'मा'

पेशवाईतील ती कथा तुम्ही ऐकली असेल. 'नारायणरावास धरावे' या हुकुमातील 'ध' चा कोणी 'मा' केला, आणि १७७३ साली शनिवारवाड्यात कोवळ्या पेशव्याचा बळी गेला, असे सांगतात. पेशीतही असेच घडू शकते. वाढीचा संदेश पोहोचवणारे रास नावाचे एक जनुक आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत या जनुकातील एकच अक्षर बदलले असल्याचे १९८२ साली आढळले. त्या एका अक्षरामुळे घंटी जणू अडकून बसते आणि कोणी न वाजवता वाजतच राहते.

तरी एवढ्याने कर्करोग होत नाही. इतर नाके शाबूत असतात ना! अमेरिकेतील आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचा अभ्यास करून दाखवले की, तो होण्यास दोन आघात लागतात. ज्या मुलात जन्मतःच एक प्रत बिघडलेली असते, त्याच्यात दुसरी बिघडण्याचाच अवकाश. म्हणून त्याला हा रोग लहानपणी आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतो. हे जनुक म्हणजे आपण वर पाहिलेल्या आरबीचेच. मोठ्या माणसांच्या बहुतेक कर्करोगांत असे अनेक बिघाड एकाच पेशीत वर्षानुवर्षे साचत जातात. म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ बिघडलेले आढळते.

चुका वाढवणाऱ्या गोष्टींपासून दूर राहणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. तंबाखू आणि सुपारी चघळण्याच्या सवयींशी या रोगाचे नाते आहे, हे तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. तंबाखूतील रसायने डीएनएला चिकटतात, नक्कल करताना अक्षरे चुकतात. गुटखा, मावा, मशेरी, विडी, सिगारेट यांपैकी कशालाही 'थोडे घेतले तर चालते' असे नाही. कोणती चूक कोणत्या जनुकात होईल हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

न थांबलेल्या पेशी

नाके मोडल्यावर काय होते याचे जिवंत उदाहरण जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची ३१ वर्षांची आफ्रिकी-अमेरिकी स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आजारी होती. तिच्या गाठीतील पेशी प्रयोगशाळेत वाढू लागल्या आणि थांबेनातच! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती वारली. तिच्या पेशी मात्र आजही वाढत आहेत. त्यांना हेला पेशी म्हणतात. पोलिओच्या लशीपासून कितीतरी कामांत त्या उपयोगी पडल्या. पण त्या घेताना तिची परवानगी विचारली नव्हती, आणि तिच्या घरच्यांना हे वीसेक वर्षे कळलेही नाही. विज्ञानाची वाटचाल सांगताना ही चूकही सांगितली पाहिजे.

त्या पेशी थांबल्या का नाहीत? जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही जातीचे दोन विषाणू शोधून काढले. हेला पेशींतही त्यांतील एक सापडला. या विषाणूची दोन प्रथिने मोठी लबाड आहेत. एक पी-५३ ला नष्ट करवते, दुसरे आरबीला धरून ठेवते. दोन्ही पहारेकरी एकदम बाद! या शोधाबद्दल त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शत्रू कळला की उपाय सुचतो. या विषाणूवरील लस २००६ साली वापरात आली. तिच्यात विषाणू नसतो, त्याचे नुसते रिकामे कवच असते. आणि ते कवच तयार करते कोण? आपले पाव फुगवणारे यीस्टच! पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतीय बनावटीची अशी लस २०२२ साली तयार केली. ही लस ९ ते १४ या वयात घेणे सर्वांत हिताचे असते. घरी आईवडिलांशी आणि आपल्या डॉक्टरांशी याबद्दल अवश्य बोला.

सदाफुली आणि वर्गमित्र

कर्करोगावरील कित्येक औषधे या फेऱ्यावरच घाव घालतात. अंगणातली सदाफुली तुमच्या ओळखीची आहे. तिच्यातून मिळणारे व्हिंक्रिस्टीन हे औषध गुणसूत्रे ओढणारे धागे बनू देत नाही. मग पेशी तिसऱ्या नाक्यावर अडकते आणि अखेर मरते. (सदाफुलीची पाने मात्र कोणी चावून पाहू नका, ती विषारी आहेत.) अशी औषधे भराभर विभागणाऱ्या सगळ्याच पेशींना बाधतात. केसांची मुळे त्यांतलीच, म्हणून उपचार चालू असताना केस गळतात. २०१५ साली अमेरिकेत स्तनांच्या कर्करोगासाठी सीडीकेलाच अडवणारे औषध मंजूर झाले. यीस्टच्या कोंबांकडे पाहत बसण्याचे हे फळ!

तुमच्या शाळेत एखादा मुलगा वा मुलगी रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेऊन, डोक्याला टोपी किंवा रुमाल बांधून परत येईल. योग्य उपचार मिळाले तर लहान मुलांतील रक्ताच्या कर्करोगाच्या मुख्य प्रकारातून बहुतेक मुले आता बरी होतात. शेजारी बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने कर्करोग होत नाही. तेव्हा त्याच्या बाकावर आधी जाऊन बसा.

आणि हो, एक प्रयोग करून पाहा. कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर यीस्ट घाला. अर्ध्या तासाने त्यातील थोडेसे पाण्यात आणखी पातळ करा, एक थेंब काचपट्टीवर घ्या आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ४०० पट मोठा करून पाहा. गोल पेशी दिसतील. काहींना लहानसा कोंब फुटलेला असेल, काहींचा मोठा झालेला असेल. कोणती पेशी वाटेवर कोठवर आली आहे, हे आता तुम्हालाही सांगता येईल.